सत्यशीला मावशीचं गुपचूप घर

सत्यशीला मावशी गेली. तिच्या स्मरणसभेत पाळकसाहेब वीस मिनिटं बोलले. एकतीस वर्षं तिनं आमच्या चर्चच्या तरुण संघाचा क्वायर चालवला, दर मे महिन्यात पोरांना घेऊन खेड्यापाड्यात सेवेला आणि गायला गेली, कुठंही स्वतःचं नाव होऊ दिलं नाही, असं ते म्हणाले. सगळं खरं आहे. पण मग ते 'गुपचूप घरा'वर आले आणि म्हणाले, ही तिची सगळ्यात सुंदर कल्पना. तिथं माझं डोकं फिरलं. त्या कल्पनेवर मावशीनं स्वतः २००६ साली पाणी सोडलं होतं. का सोडलं ते माहीत असलेले आम्ही दोघंच त्या दिवशी चर्चमध्ये होतो, मी आणि क्षितिज. तेव्हाचे बाकीचे कोणी पुण्याला, कोणी कुठं पांगलेत. क्षितिजनं मान खाली घातली. मला दोन मिनिटं बोलायला बोलावलं, तर मी "मावशीनं मला सूर दिला" असं काहीतरी गुळमुळीत बोलून खाली आले. घरी येईपर्यंत स्वतःचाच राग राग येत होता. म्हणून आता लिहून टाकते.

मावशी संतबिंत नव्हती, हे आधीच सांगते. यवतमाळात मिशनच्या दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत तिनं नोकरीची सगळी वर्षं काढली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "वेळच नाही भेटला." उंचीनं बुटकी, पण आवाज असा की मागच्या बाकावर कोणी चुळबुळ केली तरी पुढून नाव घेऊन ओरडायची. सूर चुकला की पेटीचा भाता थांबवायची आणि चष्म्यावरून बघायची. त्या बघण्यापेक्षा दोन थोबाडीत बऱ्या. गाणं मध्येच सोडलेलं तिला मुळीच खपायचं नाही. कोणाला ठसका लागो, लाईट जावो, गांधीलमाशी चावो, धरलेलं गीत शेवटच्या कडव्यापर्यंत न्यायचं, हा तिचा दंडक.

आणि पट्टी. आम्ही गुडघे फोडून घेतले की आई मावशीकडं पाठवायची. जखमेला चिकटलेली पट्टी ती कधीच ओढून काढायची नाही. पाण्यानं भिजवायची, गप्प बसायची, परत भिजवायची. मग पट्टी आपणहून सुटायची. "घाई डॉक्टरले असते," ती म्हणायची, "जखमेले नसते." माझ्या दोन्ही गुडघ्यांवर तिच्या हातचं पाणी गेलेलं आहे.

मे महिन्याचा दौरा आठ दिवसांचा असायचा. आम्ही बारा-तेरा जण, एक पेटी, एक ढोलक, औषधाची पेटी आणि तांदळाचं पोतं घेऊन एसटीनं जायचो. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. सकाळी कामं: हातपंपाभोवतीचा चिखल काढायचा, लहान पोरांची नखं कापायची, म्हाताऱ्यांच्या पायांच्या भेगा धुवायच्या, शाळेचे तुटके बाक ठोकायचे. संध्याकाळी पारावर गाणी. पत्रकं वाटायची नाहीत, प्रवचन करायचं नाही. "गाणं ऐकायचं असेल तर ऐकतील, नाही तर शेण काढायला जातील," मावशी म्हणायची. "आपण पाहुणे आहो."

शेवटून दुसऱ्या दिवशी गुपचूप घर. गावातलं एक घर मावशी मनातल्या मनात निवडायची. घरची माणसं वावरात गेली की आम्ही आत शिरून भिंतींना चुना मारून पुताई करायचो, सामान होतं तसं ठेवायचो आणि गल्लीच्या कोपऱ्यावर लपायचो. माणूस घरात शिरलं की आम्ही कोपऱ्यावरून गायला सुरुवात करायचो. कोणी केलं, का केलं, काही सांगायचं नाही. देणारा दिसू नये, एवढं एकच तत्त्व. माझ्या आधीच्या पोरांनी नऊ-दहा घरं अशी केली होती. एका म्हातारीनं तर म्हणे चार दिवस भिंतीला टेकून बसायचंच सोडलं होतं, मळेल म्हणून. ती गोष्ट आम्ही दर वर्षी ऐकायचो आणि दर वर्षी आपलंही घर तसंच व्हावं असं वाटायचं. मी एकोणीस वर्षांची होते. आपण लोकांचं भलं करतो आहोत याची मला इतकी खात्री होती की आज आठवलं तरी लाज वाटते.

ते साल कापसाचं फार वाईट होतं. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ते चांगल्यासाठी यायचं नाही. आम्ही गेलो ते गाव नेर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, त्यांना आधीच पुरे झालेलं आहे. त्या उन्हाळ्यात तिथं टीव्हीवाले येऊन गेले होते, पुढारी येऊन गेले होते, कॉलेजची पोरं छापील फॉर्म घेऊन घरोघर फिरून गेली होती. घरात किती माणसं, किती जेवता, झोप लागते का, रडू येतं का. आम्ही पोचलो तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुम्ही काय विचारून राह्यले?"

"काहीच नाही," मावशी म्हणाली.

"मंग बसा," तो म्हणाला आणि सरकून जागा दिली.

त्या रात्री जेवताना मावशीनं आम्हाला बजावलं, "या लोकांना विचारून विचारून भंडावून सोडलं आहे. आपण एक अक्षर विचारायचं नाही. काम दिसलं की करायचं." मला ते इतकं पटलं की मी वहीत लिहून ठेवलं. पुढं जे झालं त्याचं मूळ या वाक्यात आहे, आणि वाक्य चांगलं होतं. मला अजूनही त्याचाच जास्त त्रास होतो.

गुपचूप घर म्हणून मावशीनं विमलताईंचं घर निवडलं. विमलताई पंचेचाळिशीची, उभ्या चणीची, कमी बोलणारी बाई. पहिल्या दिवशी आम्ही उन्हानं करपून पोचलो तेव्हा तिनंच न सांगता ओसरीवर बसवून तेरा जणांना ताक दिलं होतं. तिचे यजमान किसनराव. दोघंच घरात. सकाळी उठून दोघंही कापसाची वाळकी पऱ्हाटी उपटायला वावरात जायची ती चार वाजता परत. घराला कुलूप नसायचं, नुसती कडी. ताक पिताना मावशीनं दारातून आत पाहिलं होतं. माजघराची भिंत धुरानं काळी पडली होती. "त्या बाईनं आपल्याला विचारलं का, तहान लागली का म्हणून? दिलं," मावशी म्हणाली. "आपणही देऊ."

माजघर अंधारं होतं, एकच झरोका. पूर्वेच्या भिंतीला देव्हारा होता. मावशीनं आधीच ताकीद दिली, "देवाच्या भिंतीला हात लावायचा नाही. दुसऱ्याचा देव आहे, त्याचा मान ठेवायचा." तेवढ्या भिंतीला आम्ही कापड बांधून टाकलं, एक थेंब उडू दिला नाही. बाकी तीन भिंती आमच्या. मावशी अंगणात चुना गाळत बसली. आत क्षितिज, मिताली आणि मी होतो. क्षितिज आमचा ढोलकवाला. मिताली माझ्या वर्गातली, गळ्यानं गोड आणि भित्री.

देव्हाऱ्यासमोरच्या भिंतीवर खुंट्यांना एक जुनं लुगडं पसरून टांगलेलं होतं, पडद्यासारखं. क्षितिजनं ते काढून नीट घडी करून ठेवलं. खाली झरोक्याच्या उजेडात पुसट पिवळट डाग दिसत होते. आम्हाला वाटलं तेलाचे, डोकी टेकून टेकून पडलेले. एकालाही वाटलं नाही की माणसं भिंतीवरच्या डागावर लुगडं कायले टांगतील.

मितालीनं कुंचला फिरवला आणि दुसऱ्याच क्षणी मागं सरकली. ओल्या चुन्यातून एक हात वर आला होता. लाल. पाची बोटं, पूर्ण तळवा. आमच्या डोळ्यांदेखत तो गडद होत गेला. क्षितिजनं धीर करून शेजारी कुंचला मारला तर तिथं दुसरा. मग तिसरा. एका ओळीत पाच हात निघाले, रक्तात बुडवून उठवल्यासारखे. मला आजही ते पाचही जसेच्या तसे दिसतात. चार हात लहान होते, त्यांची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. पाचवा जरा मोठा, कडेला.

मिताली रडायला लागली. "इथं कोणीतरी मेलंय," ती म्हणाली. त्या वर्षी आमच्या डोक्यात दुसरं येणार तरी काय. पेपरात रोज आत्महत्यांच्याच बातम्या. गावात कोणाच्या घरी काय झालं ते आम्ही विचारलेलं नव्हतं, कारण विचारायचं नव्हतं. त्या वाकड्या करंगळीकडं पाहून मला वाटलं, कोणीतरी हा हात मोडलाय. डोक्यात एकच विचार होता, की मावशी आत यायच्या आत हे दिसेनासं झालं पाहिजे.

मी म्हणाले, "वरून दुसरा थर मारा."

क्षितिज म्हणाला, "मावशीला बोलावू."

"तिला कायले त्रास," मी म्हणाले आणि त्याच्या हातातला कुंचला घेतला. दुसरा थर मीच मारला. लाल कमी होऊन गुलाबी झालं. तिसरा मारला, तेव्हा भिंत पांढरी झाली. हे कोणी दुसऱ्यानं केलं असतं तर आयुष्यभर त्याला शिव्या दिल्या असत्या. स्वतःला तशा देता येत नाहीत.

मावशी आत आली, भिंत पाहून खूश झाली. माझ्या पाठीवर थाप मारली. लुगडं तिनं स्वतः खुंट्यांना लावून दिलं, होतं तसं.

चार वाजता विमलताई आणि किसनराव आले. आम्ही गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीआड उभे होतो. विमलताईनं अंगणात पाय धुतले, दारात थबकली, आत गेली. मावशीनं बोट वर केलं आणि आम्ही गाणं धरलं. घराला आशीर्वाद मागायचं गीत होतं, चार कडव्यांचं, आनंदी चालीचं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात विमलताई बाहेर आली. तिचे दोन्ही तळवे चुन्यानं पांढरे झाले होते. ती आमच्यापाशी आली, एकेकाच्या तोंडाकडं बघत चालत गेली, आणि मावशीसमोर उभी राहून म्हणाली, "माही सुरभी कुठं हाये?"

आम्ही गात होतो. खरं सांगते, आम्ही गातच होतो. धरलेलं गीत सोडायचं नाही, हे इतकं अंगात मुरलेलं. तिसरं कडवं अर्धं होईपर्यंत मागची पोरं गात राहिली, आणि ती बाई पांढरे हात समोर धरून उभी. मग मावशीनंच गाणं थांबवलं. त्या दिवसापर्यंत तिनं एकही गाणं मध्ये थांबवलेलं मी पाहिलेलं नव्हतं.

किसनरावांनी सांगितलं. ओसरीवर बसून, आमच्याकडं न बघता. सुरभी त्यांची एकुलती पोरगी. चार वर्षांपूर्वी लग्न झालं. त्यांच्या घरात पोरगी सासरी निघताना हळदीत हात बुडवून माजघराच्या भिंतीवर उठवते, जाता जाता घराला दिलेली खूण म्हणून. सुरभीनं चार हात उठवले. वर्षाच्या आत बाळंतपणाला माहेरी येताना जीपमध्येच गेली, मूलही गेलं. फोटो एक आहे, लग्नातला, पण त्यात मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेलं. "तेवढी भिंत हाये म्हणून आम्ही घरात राह्यतो," किसनराव म्हणाले. "हे सुरभीची माय रोज वावरात जाच्या आंधी त्या हातावर हात ठेवून जाते. झरोक्यातल्या उनानं रंग उडू नये म्हणून लुगडं लावलं." नंतर ते म्हणाले, "तुम्ही विचारलं असतं त सांगतलं असतं जी. कोणाले नाही सांगत असं नाही."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मी मावशीच्या कानाशी जाऊन सगळं ओकून टाकलं: लाल झालं होतं, पाच हात होते, आम्ही घाबरलो, दोन थर मी मारले.

मावशीचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. "लाल झालं?" ती म्हणाली. "हळदीवर चुना पडला की लाल होते, पोरी. कुंकू कशाचं करतात? तुला हे माहीत नाही?"

नव्हतं माहीत. गावातल्या सात वर्षांच्या पोरीला माहीत असतं. आमच्या घरात हळद भाजीत पडायची, आणि लग्नात लावायची तेवढीच. चुना फक्त भिंतीचा. दोन्ही एकत्र आलेलं मी पाहिलंच नव्हतं.

"आणि मी दहा पावलांवर बसली होती," मावशी म्हणाली. "मला हाक नाही मारली."

मला वाटलं ती मारेल. मला मार हवा होता. ती विमलताईकडं गेली. उन्हात उभ्या असलेल्या त्या बाईसमोर हात जोडून म्हणाली, "ताई, हे मी केलं. पोरांनी नाही, मी केलं. आत येऊन पाहू का, काही वाचते का? तुम्ही हो म्हटलं तरच येते." एवढ्या वर्षांच्या दौऱ्यांत मावशीनं कोणाला काही करायच्या आधी विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. विमलताई वळून घराकडं चालायला लागली. दाराशी जाऊन ती बाजूला झाली.

मावशीनं आपल्या पिशवीतून धुवून मऊ झालेलं सुती पातळ काढून फाडलं. पाण्यात भिजवलं, पिळलं, भिंतीला नुसतं चिकटवून ठेवलं. घासायचं नाही. थांबायचं. चुना अजून पुरता सुकला नव्हता. कापड उचललं की त्याला थोडा पांढरा थर चिकटून यायचा. परत नवं कापड. ती पट्टी काढत होती, माझ्या गुडघ्याची काढायची तश्शीच. आम्ही बाहेर रांगेनं उभे राहून कापडं धुवून देत होतो. गावातल्या बायका दारात जमल्या. एकीनं विहिरीवरच्या झाडाची लिंबं आणून ठेवली, आंबटानं लाल परत पिवळं होतं म्हणून. तेही मला माहीत नव्हतं.

वरचा थर निघाला, मधला निघाला. खालचा निघताना हळद त्याच्याबरोबर यायला लागली. कापडावर गुलाबी डाग दिसायचा, आणि भिंतीवर त्या जागी मातीचा रंग. पहिला हात असा कापडावर आला आणि गेला. दुसरा गेला. मावशी थांबली, घाम पुसला, अजून हलक्या हातानं सुरू झाली. तिसरा गेला. दिवस मावळायला आला होता. चौथ्याची दोन बोटं क्षणभर दिसली आणि पाण्याबरोबर खाली ओघळली. विमलताई सगळा वेळ मागं उभी होती. तिनं एकदाही नको म्हटलं नाही.

मग कडेचा पाचवा. तिथं माझा तिसरा थर नीट बसला नव्हता, हात पोचत नव्हता म्हणून. मावशीनं कापड उचललं आणि खाली पूर्ण तळवा होता. फिकट, पण पूर्ण. लिंबाचे चार थेंब बोटानं लावले तसा तो पिवळा झाला. दारातल्या बायका कुजबुजल्या. मावशीनं डोळे मिटले, तिचे ओठ हलत होते, प्रार्थना करत असावी. मला मात्र भडभडून आलं. त्या हाताची करंगळी सरळ होती. माझ्याशिवाय ते कोणाला कळणं शक्य नव्हतं. मी पाची हात पाहिले होते.

विमलताई पुढं आली. तिनं आपला उजवा हात त्या हातावर ठेवला. बोटावर बोट, अंगठ्यावर अंगठा, बरोब्बर बसला.

"हा माहा हाये," ती म्हणाली. "तिनं मले वढलं होतं त्या दिवशी. म्हने, आई, तूबी उठव." आणि हात तसाच ठेवून ती भिंतीला कपाळ लावून उभी राहिली.

मावशी मटकन खाली बसली. ओल्या जमिनीवर, चुन्याच्या चिखलात. जिनं कोणाकोणाच्या कुजलेल्या जखमा उघड्या हातांनी धुतल्या, ती बाई लहान मुलासारखी रडत होती. तिला पाणी आणून दिलं ते विमलताईनंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो. पारावरचं शेवटचं गाणं झालं नाही. चर्चमध्ये मावशीनं सांगितलं की उन्हाचा त्रास झाला म्हणून लवकर परतलो. ती आयुष्यात खोटं बोललेली मला एवढीच एक वेळ माहीत आहे, आणि ते ती आम्हाला झाकायला बोलली. त्यानंतर दौरे झाले, पण गुपचूप घर नाही. पुढच्या वर्षीपासून ती प्रत्येक दारात उभी राहून विचारायची, "काही करू का?" लोक काय काय सांगायचे. कोणी म्हणायचं, पोराचं पत्र वाचून दाखव. कोणी म्हणायचं, काही नको, थोडा वेळ बस. पुताई करून द्या असं एकही माणूस कधी म्हणालं नाही. त्याचा मला दर वेळी नव्यानं धक्का बसायचा.

आणि दर मे महिन्यात एक दिवस मावशी एकटीच नेरची गाडी पकडून विमलताईकडं जायची. ओसरीवर बसायची, ताक प्यायची आणि उठताना विचारायची, "ताई, काही करू का?" विमलताई म्हणायची, "नाही." मावशी परत यायची. अकरा वर्षं हे चाललं. मी एकदा चिडून म्हटलं, मावशी, ती माफ करत नाही तर कायले जातेस. तेव्हा तिनं चष्म्यावरून तसं पाहिलं, सूर चुकल्यावर बघायची तसं.

२०१७ च्या मे महिन्यात मावशीचा मला नागपूरला फोन आला. आवाज बारीक झाला होता. म्हणाली, "विमलताईचा निरोप आला. चुना घेऊन या म्हणे. आणि त्या पोरीला आणा." मी दुसऱ्या दिवशीच निघाले.

किसनराव दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांचा पुतण्या पियुष आता शेती बघत होता आणि घर पाडून स्लॅबचं बांधणार होता. भिंत चार दिवसांत पडणार होती. विमलताई थकली होती, पण तशीच ताठ. लुगडं तिनं आधीच काढून ठेवलं होतं. भिंतीवर तिचा एकटीचा हात, अगदी फिका.

"पडाच्या आंधी एक डाव चुना मार त्याच्यावर," ती मला म्हणाली. "तेव्हा लाल झालते ते तुवं पाह्यलं. मी नाही पाह्यलं."

मावशीनं बादलीत चुना कालवला. कुंचला भिजवून तिनं माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "एकच थर."

मी एकच मारला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बोटं आली, मग तळवा. पहिल्यासारखा गडद नाही, पण लाल. विमलताई जवळ सरकली.

"तिचे असेच झालते?"

"याच्यापेक्षा लाल," मी म्हणाले.

"चारी?"

"चारी. एका ओळीत होते. लहान होते. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती, चारी हातांची."

विमलताईनं माझ्याकडं पाहिलं. करंगळीचं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. "वावराच्या धुऱ्यावरून पडली होती लहानपणी," ती म्हणाली. "मी बोंबलली तिच्यावर, दवाखान्यात नेलं नाही. तशीच राह्यली वाकडी." ती अजून जवळ आली. "तुवं पाह्यलं म्हणजे. खरंच पाह्यलं."

"हो," मी म्हणाले. "रोज दिसतात."

तिनं माझा चुन्यानं भरलेला हात धरला. भिंतीवरचा लाल रंग सुकून उडेपर्यंत आम्ही तशाच उभ्या होतो, आणि ती विचारत होती. अंगठा कसा होता, बोटं जवळजवळ होती का लांब, सगळ्यात वरचा हात कुठवर होता. मी सांगत होते. मावशी मागं बादलीपाशी उभी होती. निघताना तिनं सवयीनं विचारलं, "ताई, अजून काही करू का?"

"पुढच्या साली या," विमलताई म्हणाली. "हे पोरगी घेऊन या."